बर्फ-समतलन यंत्राची निगा व बदली

पोलादी पाते बसविलेले बूट घालून बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळास स्केटिंग म्हणतात. सिमल्यास १९२० साली सुरू झालेल्या रिंकेवर, उघड्या मैदानात पाणी पसरून ते रात्रीच्या थंडीने गोठविण्याची रीत पडली. कॅनडा व अमेरिका या देशांत मात्र पुष्कळशा रिंका छपराखाली असून त्यांतील बर्फ शीतयंत्रांच्या साहाय्याने तयार करतात. हा थर साधारणतः ३ सेंटीमीटर जाडीचा असतो. खेळाडूंच्या पात्यांमुळे त्यावर चरे पडतात व बर्फाचा भुसा साचतो. असा पृष्ठभाग दिवसातून अनेक वेळा नवा करावा लागतो. हे कार्य करणारे वाहन म्हणजे बर्फ-समतलन यंत्र होय.

यंत्राचा उगम

फ्रँक झांबोनी यांनी १९४० साली आपल्या आप्तांसह कॅलिफोर्नियातील पॅरामाउंट येथे रिंक उघडली. त्या काळी ट्रॅक्टरमागे खरवडणी जोडून बर्फ खरवडीत. मग मजूर फावड्यांनी भुसा काढीत, पाणी मारीत व ते गोठण्याची वाट पाहत. यात तासाहून अधिक वेळ जाई. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १९४९ साली झांबोनी यांनी ही सर्व कामे एकाच फेरीत करणारे वाहन सिद्ध केले. १९५३ साली त्यास एकस्व मिळाले. आज हेच काम १० ते १५ मिनिटांत होते.

यंत्राचे कार्य

यंत्राच्या मागील बाजूस बर्फावर टेकलेली एक जड पेटी असते. तिच्यातील सुमारे दोन मीटर लांबीचे पाते बर्फाचा अत्यंत पातळ पापुद्रा तासते. एक आडवे मळसूत्र हा भुसा मध्यभागी गोळा करते व दुसरे उभे मळसूत्र तो वरच्या टाकीत नेऊन टाकते. त्यामागे चऱ्यांतील मळ धुतला जातो. शेवटी नळीच्या छिद्रांतून उतरणारे सुमारे ६० अंश सेल्सियस तपमानाचे पाणी जाड कापडाच्या पट्ट्याने सारखे पसरले जाते. पाणी ऊन घेण्याचे कारण असे की, ते जुन्या बर्फाचा पृष्ठभाग किंचित वितळवून त्याशी एकजीव होते. शिवाय त्यात विरघळलेली हवा कमी असल्याने नवा थर अधिक घट्ट होतो.

दैनंदिन निगा

पाते बोथट झाले म्हणजे ते बर्फ तासण्याऐवजी त्यावरून थरथरत जाते आणि मागे आडव्या लाटा उमटतात. म्हणून ठरावीक मुदतीने ते उतरवून धार लावण्यास पाठवितात. पाते सुमारे २५ किलो वजनाचे व वस्तऱ्यासारखे तीक्ष्ण असल्याने हे काम जाड हातमोजे घालून दोघांनी मिळून करावे. धारेवर संरक्षक आवरण घालण्यास विसरू नये. दर धारेगणिक पात्याची रुंदी घटते व अखेर ते टाकून द्यावे लागते.

मळसूत्रात बर्फ अडकल्यास यंत्र पूर्णपणे बंद केल्यावाचून त्यास स्पर्श करू नये. कठीण पाण्यातील क्षारांनी नळीची छिद्रे बुजतात. ती साफ ठेवावी. कापडाचा पट्टा झिजल्यास पाणी असमान पसरते. चाकांवरील खिळे, वंगण व टाक्यांची स्वच्छता यांकडेही नित्य लक्ष द्यावे.

हवेची शुद्धता

तथापि सर्वांत गंभीर प्रश्न हवेचा आहे. पुष्कळ यंत्रांचे एंजिन प्रोपेन, नैसर्गिक वायू किंवा पेट्रोल यांवर चालते. ज्वलन अपुरे झाल्यास कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. हा रंगहीन व गंधहीन वायू रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे पट अधिक घट्टपणे जोडला जातो. उलट, इंधन कमी व हवा अधिक ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड घटतो, परंतु नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. त्यांतील नायट्रोजन डायऑक्साइडमुळे फुप्फुसांस होणारी इजा कित्येकदा काही तासांनंतर जाणवते. यास्तव एंजिनाचे मिश्रण केवळ अंदाजाने ठरविणे धोक्याचे असते.

रिंकेची रचनाही या धोक्यात भर घालते. बर्फालगतची हवा थंड व जड असल्याने ती वर चढत नाही. भोवतालच्या कठड्यामुळे ती आत कोंडून राहते. नेमक्या याच थरात खेळणारी मुले जोराने श्वास घेत असतात. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील एका बंदिस्त रिंकेत हॉकीच्या सामन्यानंतर अनेक खेळाडूंना व प्रेक्षकांना कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली. म्हणून वायुवीजनाचे पंखे वेळेवर चालविणे, धुराड्यातील वायुशोधक उपकरण तपासणे व वायुमापकाने हवेची नोंद ठेवणे ही यंत्राच्या निगेचीच अंगे मानली पाहिजेत.

यंत्र केव्हा बदलावे?

यंत्राचे वय केवळ वर्षांवरून ठरत नाही. ते किती तास चालले, दुरुस्तीस किती खर्च आला व धूर मर्यादेत राहतो की नाही, यांच्या नोंदींवरून निर्णय घ्यावा. रंग नवा असलेले यंत्र हवा दूषित करीत असेल तर ते जुनेच होय. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांतून रिंकेत धूर सुटत नाही, हा मोठा लाभ आहे. मात्र शिसे-आम्ल बॅटरी भारित होताना ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. म्हणून ती खोली हवेशीर हवी.

नवे यंत्र आणले म्हणजे चिंता संपली असेही नाही. १५ फेब्रुवारी २०१० रोजी, व्हँकूवर हिवाळी ऑलिंपिकमध्ये, रिचमंड येथे बॅटरीवरील यंत्रे बिघडल्याने पुरुषांची ५०० मीटरची शर्यत तासाहून अधिक काळ खोळंबली; पुढे कॅल्गरीहून दुसरे यंत्र आणविण्यात आले. राखीव यंत्र हाताशी असणे, तसेच नव्या यंत्राची आधी पुरेशी पारख करणे, किती आवश्यक आहे हे यावरून कळते.

रिंकेवर येणारा मनुष्य बर्फाचा गुळगुळीतपणा सहज पाहू शकतो; हवेतील दोष त्यास दिसत नाही. जे दिसत नाही त्याची काळजी वाहणे, हे यंत्र सांभाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

प्रश्न

१. बर्फावर ऊन पाणी का पसरतात?
२. इंधनाचे प्रमाण घटविल्याने हवेचा प्रश्न पूर्णपणे का सुटत नाही?
३. रिंकेतील दूषित हवा बर्फालगतच का साचून राहते?