प्रौढ माणसातील कुपोषण : ओळख व निदान



कुपोषण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंगणवाडीतील रोडावलेले मूल उभे राहते. मुलांची वजने नियमित घेतली जातात, म्हणून त्यांचे कुपोषण उजेडात येते. परंतु घरातील कर्ता पुरुष, सगळ्यांच्या शेवटी जेवणारी गृहिणी किंवा दात पडलेले आईवडील यांचे वजन कोणी करीत नाही. ‘कामाचा ताण आहे’, ‘वय झाले’, ‘पहिल्यापासून अंगाने किरकोळच’ असे म्हणून आपण दुर्लक्ष करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रिया व १६.२ टक्के पुरुष उंचीच्या मानाने कमी वजनाचे आढळले. याच वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये व २५ टक्के पुरुषांमध्ये रक्तक्षय दिसून आला.

पिकाची खालची जुनी पाने पिवळी पडली तर नत्राची कमतरता आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली तर लोहाची कमतरता, हे आपण ओळखतो. पाने पिवळी पडण्यापूर्वीच उत्पादन घटू लागते, त्यास पिकाची सुप्त भूक म्हणतात. माणसाचेही तसेच आहे. म्हणून लक्षणांची वाट न पाहता पुढील पाच कसोट्या क्रमाने लावाव्यात.

१) वजन आणि उंची : किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. येणाऱ्या आकड्यास शरीरभार निर्देशांक म्हणतात. उदाहरणार्थ, उंची १६० सें.मी. व वजन ४४ किलो असल्यास १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६, ४४ भागिले २.५६ म्हणजे १७.२. प्रौढ माणसात हा निर्देशांक १८.५ पेक्षा कमी असल्यास कुपोषण समजावे. १७ ते १८.५ सौम्य, १६ ते १७ मध्यम आणि १६ च्या खाली तीव्र कुपोषण होय. सत्तरी ओलांडलेल्या माणसात तो २० च्या खाली गेला तरी दखल घ्यावी.

गणित करावयाचे नसल्यास उंचीनुसार किमान वजन पुढीलप्रमाणे धरावे :
१४५ सें.मी. – ३९ किलो
१५० सें.मी. – ४१.५ किलो
१५५ सें.मी. – ४४.५ किलो
१६० सें.मी. – ४७.५ किलो
१६५ सें.मी. – ५०.५ किलो
१७० सें.मी. – ५३.५ किलो

गरोदर स्त्रियांना ही कसोटी लागू नाही. तसेच अंगावर सूज असल्यास वजन फसवे ठरते.

२) वजनातील घट : आजच्या वजनापेक्षा वजनाचा कल अधिक सांगून जातो. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन घटल्यास ती धोक्याची सूचना होय. ७० किलोचा माणूस ६३ किलोवर आला, तर तो अजून धडधाकट दिसेल. पण त्याचे १० टक्के वजन गेलेले आहे. घरी वजनाची नोंद नसल्यास धोतर-लुगडे सैल होणे, पट्ट्याचे भोक आत सरकणे, बांगड्या कोपराकडे जाणे यावरून अंदाज बांधावा.

३) दंडाचा घेर : अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे वजन घेता येत नाही. अशा वेळी खांदा व कोपर यांच्या मध्यावर शिंप्याची फीत न आवळता गुंडाळावी. घेर २३ सें.मी. पेक्षा कमी भरल्यास डॉक्टरांना दाखवावे. गरोदर स्त्रीसाठीही ही कसोटी उपयुक्त आहे.

४) शरीरावरील खुणा :
अ) खालच्या पापणीची आतील बाजू, जीभ व तळहात फिकट, चढावर धाप लागणे, नखे चमच्यासारखी खोलगट – लोहाची कमतरता.
ब) लाल, गुळगुळीत जीभ, पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे – जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता. दूध-दही न घेणाऱ्या शाकाहारी माणसात ही शक्यता अधिक.
क) तिन्हीसांजेला न दिसणे – जीवनसत्त्व अ ची कमतरता.
ड) पायावर अंगठ्याने दाबल्यास खड्डा राहणे – प्रथिनांची कमतरता असू शकते; परंतु हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारातही असेच होते.
इ) मान, हात व पाय अशा उन्हात उघड्या राहणाऱ्या भागांवर दोन्ही बाजूंस सारखे काळपट, खरखरीत चट्टे, सोबत जुलाब व चिडचिड – नायसिनची कमतरता, म्हणजे पेलाग्रा. हे चट्टे उन्हाचे किंवा फवारणीचे समजून अंगावर काढले जातात.

दख्खनच्या पठारावर ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या गरीब लोकांत पेलाग्रा आढळत असे. हैदराबादचे पोषणशास्त्रज्ञ डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतील जादा ल्युसीनशी जोडला. ज्वारी वाईट असा याचा अर्थ नव्हे. कोणत्याही एकाच धान्यावर पोट भरले की उणीव राहते, हा त्यातील धडा आहे.

५) रक्ततपासणी : पुरुषात १३ ग्रॅम व गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी.

कारण शोधणे महत्त्वाचे

जमिनीत अन्नद्रव्य असूनही पिकास ते मिळत नाही, कारण मुळाला रोग असतो किंवा जमीन चुनखडीची असते. त्याचप्रमाणे ताटात अन्न असूनही माणूस खंगतो. क्षयरोग, मधुमेह, जुनाट जुलाब, कर्करोग, दारूचे व्यसन ही कारणे तपासावीत. अनवाणी शेतात काम करणाऱ्यांच्या तळपायातून अंकुशकृमी शिरतात व आतड्यात रक्त शोषतात. अशा वेळी जंतावर औषध न घेता केवळ लोहाच्या गोळ्या पुरत नाहीत. वजन घटत असून दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी करावी. क्षयरुग्णांना पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये शासनाकडून मिळतात. वृद्धांच्या बाबतीत दात, गिळण्याचा त्रास व उदासीनता यांचीही चौकशी करावी.

निर्देशांक १६ च्या खाली, पायावर सूज, झपाट्याने घटणारे वजन किंवा भयंकर थकवा असल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नये. कित्येक दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या माणसास एकदम भरपेट जेवण देणे जिवावर बेतू शकते. त्याचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा.

सौम्य कुपोषणात भाकरीबरोबर रोज डाळ-उसळ, पालेभाजी, शेंगदाणे, शक्य असेल तर दूध किंवा अंडे घ्यावे. डाळीवर लिंबू पिळावे. त्यामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते. घरच्या खाण्यासाठी बाजरीचे ‘धनशक्ती’ व ज्वारीचे ‘परभणी शक्ती’ या लोहाचे प्रमाण अधिक असलेल्या वाणांचा विचार करावा.

खत-बियाण्याच्या वहीत एक पान घरच्या माणसांसाठी राखावे. पेरणीपूर्वी व सुगीनंतर प्रत्येकाचे वजन करून त्यावर लिहावे. पेरणीपासून सुगीपर्यंत काम सर्वांत जास्त आणि कणगी रिकामी होत आलेली असते. त्या काळात घटलेले वजन सुगीनंतर दोन-तीन महिन्यांत भरून आले नाही, तर त्या माणसास दवाखान्यात न्यावे.