शून्य कॅलरीचा हिशेब

डाएट सोड्याने वजन कमी होतं का, हा प्रश्न मला हल्ली बऱ्याच जणी विचारतात. मी उलट एवढंच विचारते, तू तो कशाच्या जागी पितेस? आधी रोज साखरेचा कोला पीत असशील तर उत्तर वेगळं, आणि जेवताना साधं पाणी पीत असशील तर अगदीच वेगळं.

मी पाणी पिणाऱ्यांतली. आमच्या घरी कोल्ड्रिंक यायचं ते पाहुणे आले की, नाहीतर मुलांच्या वाढदिवसाला. धाकट्याच्या बाळंतपणात वाढलेलं वजन चाळिशी उलटली तरी उतरलं नव्हतं, जिना चढताना गुडघे बोलायला लागले होते आणि डॉक्टरांनी आठ-दहा किलो उतरवायला बजावलं होतं. त्याच सुमारास ऑफिसच्या कँटीनमध्ये शून्य साखर, शून्य कॅलरी असं लिहिलेले डबे आले. दुपारच्या जेवणाबरोबर एक, संध्याकाळी पाचला एक, रविवारी बाहेर जेवलो तर तिथेही एक, असा माझा नेम बसला. भात कमी केला होता, सकाळी चालायलाही जात होते. तरी काही महिन्यांनी काटा तिथेच होता, उलट थोडा पुढे सरकला होता.

शेवटी एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी सोड्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. एक वही करायला सांगितली. तोंडात जे जाईल ते लिहायचं, वेळेसकट, आणि त्याच्या आधी-नंतर काय खाल्लं तेही. पंधरा-वीस पानं भरल्यावर त्यांना काही सांगावंच लागलं नाही, वहीत सगळं दिसत होतं.

पहिली गोष्ट म्हणजे डाएट सोड्याने माझी एकही कॅलरी वाचत नव्हती. 300 मिलिलिटरच्या साखरेच्या कोल्यात 30 ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. रोज तो पिणाऱ्याने डाएटचा डबा घेतला तर तेवढ्या नक्की वाचतात. मी मात्र पाण्याच्या जागी डबा ठेवला होता. पाण्यातही शून्य, डब्यातही शून्य. चहात दोन चमचे साखर होती ती तशीच होती, कारण ‘मी तर सोडासुद्धा डाएट घेते’ या समाधानात चहाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त महाग पडली. पाचच्या डब्याशेजारी वहीत रोज काहीतरी तळलेलं होतं. कधी अर्धा समोसा, कधी मूठभर शेव, कधी मैत्रिणीच्या डब्यातली चकली. चहाबरोबर मला काही लागत नसे, पण थंड, गोड, फसफसणारं हातात आलं की जीभ खारट मागायची. मूठभर शेव 30 ग्रॅमच्या आसपास भरते आणि तेवढ्यात दीडशे-पावणेदोनशे कॅलरी असतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी असं धरतात. रोजच्या जादा दीडशेने पन्नास दिवसांत कागदावर जवळजवळ एक किलो होतो. शरीर इतक्या सरळ गणिताने चालत नाही, पण दिशा तीच असते. रविवारच्या पानांवर तर अजून स्पष्ट लिहिलेलं होतं. पेय डाएट, म्हणून नानवर लोणी चालेल. पेय डाएट, म्हणून शेवटी गुलाबजाम चालेल. दिवाळीत ‘शुगर फ्री’ बर्फी घेणाऱ्यांचंही हेच होतं. साखर काढली तरी खवा, काजू, तूप तेवढंच राहतं, आणि खाताना मात्र हात सैल सुटतो. रममध्ये डाएट कोला घालणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की 60 मिलिलिटरच्या पेगमध्ये एकट्या अल्कोहोलच्याच सुमारे 140 कॅलरी असतात. शेजारच्या बशीतले खारे शेंगदाणे वेगळेच.

तिसरी गोष्ट झोपेची. डाएट कोल्यात कॅफीन असतं, एका डब्यात साधारण 30 ते 45 मिलिग्रॅम. संध्याकाळचा डबा सुरू झाल्यापासून रात्री डोळा उशिरा लागायचा, आणि अपुऱ्या झोपेच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून भूक जास्त असायची. हे सगळ्यांचं होईल असं नाही, काहींना रात्री कॉफी पिऊनही शांत झोप लागते. ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी दुपारनंतर हे पेय घेऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन.

आता भीतीबद्दल, कारण ती फार पसरली आहे. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डाएट सोड्याला गोडी आणणारा अॅस्पार्टेम हा पदार्थ ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातला आणि मोबाइलवर संदेशांचा पूर आला. त्याच वेळी अन्नातल्या घटकांची तपासणी करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा पूर्वीचीच ठेवली, ती म्हणजे शरीराच्या दर किलोमागे 40 मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला 9 ते 14 डबे प्यावे लागतील. तेव्हा एका डब्याने रात्र जागून काढू नका. ज्यांना जन्मतः फिनाइलकीटोन्युरिया हा विकार आहे त्यांनी मात्र अॅस्पार्टेम टाळायलाच हवं.

वजनाच्या बाबतीत मला महत्त्वाची वाटते ती त्याच वर्षीच्या मे महिन्यातली सूचना. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजीचे गोड पदार्थ वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. थोड्या मुदतीच्या प्रयोगांत, विशेषतः साखरेच्या पेयाच्या जागी ही पेयं दिली तेव्हा, वजन थोडं उतरलेलं दिसलं. पण वर्षानुवर्षांच्या पाहणीत फायदा टिकलेला दिसला नाही. आधीच वजन वाढलेली माणसंच ही पेयं निवडत असतील, म्हणून पाहणीतला संबंध पक्का धरता येत नाही, हेही संघटनेने मान्य केलं आहे आणि म्हणून ही शिफारस सशर्त आहे. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच काय ते ठरवावं. माझ्या वहीतही हेच आलं होतं. पेयात कॅलरी नाहीत, पण भोवतालचं खाणं बदललं नाही तर ते वजनासाठी निरुपयोगी.

दातांचं कोणी बोलत नाही, म्हणून तेही सांगते. साखर नसली तरी आम्ल असतंच. कोल्याचा आम्लांक तीनच्या आसपास असतो आणि दिवसभर घोट घोट घेत राहिलं की दातांवरचं आवरण झिजतं. प्यायचाच असेल तर जेवणाबरोबर प्या, वर पाण्याने चूळ भरा, लगेच दात घासू नका.

मी काय बदललं ते सांगते, जमेल तेवढं घ्या. पाचला फसफसणारं हवंच असेल तर साधा सोडा, त्यात अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड. हे आपल्या गाडीवर वर्षानुवर्षं मिळतं, फक्त ‘साखर नको’ हे आधी सांगावं लागतं. कोकम आवडत असेल तर सरबताची बाटली आणू नका, ती साखरेच्या पाकातली असते. आगळ आणा आणि पाण्यात घाला. त्यात मीठ असतं, रक्तदाब असलेल्यांनी बेताने घ्यावं. पातळ ताक उत्तम, मलईच्या दह्याचं नको. सोलकढी माझी लाडकी, पण नारळाच्या दुधाची आहे, ती पाण्यासारखी पिऊ नये. आणि चहातली साखर पाव-पाव चमच्याने उतरवा. गोडाची सवय कमी व्हायला काही आठवडे जातात, पण ती होते, आणि एकदा झाली की दुसऱ्याच्या घरचा चहा गोडमिट्ट लागतो. सोडा गोडच राहिला असता तर माझी जीभ कधी बदलली नसती, असं मला वाटतं. वजन आता हळूहळू उतरतंय, गुडघ्यांना फरक पडलाय.

रोज साखरेचा कोला पिणाऱ्यांनी डाएटवर यावं, ते नक्की बरं, आणि मग तोही कमी करत जावा. जे पीत नाहीत त्यांनी वजनासाठी म्हणून सुरू करू नये.

एक कळकळीची विनंती मुलांच्या आयांना आणि बाबांना. तुम्ही वजनासाठी पिता म्हणून घरात डबे येतात आणि फ्रिज मुलंही उघडतात. साखर नाही, मग पिऊ दे थोडं, असं म्हणू नका. अशा डब्यांवर लहान मुलांसाठी नसल्याची सूचना बारीक अक्षरात छापलेली असते. एकदा चष्मा लावून वाचा आणि डबे घरात आणणंच थांबवा.