दुधाच्या पगाराआधी फोन बदलू नका

अँड्रॉइड सोडून आयफोन घ्यायचा ठरवला असेल, तर दुकानात जाण्याआधी आपल्या देण्याघेण्याच्या तारखा बघा. अंथुर्ण्यात माझं छोटं दूध संकलन केंद्र आहे. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. मधल्या दिवसांत कुणाला पेंडीसाठी, कुणाला दवाखान्यासाठी उचल लागते, आणि आता हे सगळं फोनवरूनच जातं. नवा फोन बारामतीहून आणला तो पगाराच्या तोंडावर. सगळी ॲप्स व्यवस्थित उतरली, खातं जोडलं गेलं, पिन चालला. पण पाच हजार रुपये गेल्यानंतर यूपीआयने पुढचा प्रत्येक व्यवहार नाकारला.

बँकेत चौकशी केली तेव्हा कळलं, हा बिघाड नाही, नियम आहे. फोन बदलला की सुरुवातीचा काही काळ यूपीआयची मर्यादा ५,००० रुपयांवर येते. बहुतेक बँकांत अँड्रॉइडवर ती २४ तास राहते, आयफोनवर ७२ तास. हा फरक का, हेही समजून घेण्यासारखं आहे. खातं जोडताना तुमच्या सिमवरून बँकेकडे एक मेसेज जावा लागतो. अँड्रॉइडवर परवानगी दिली की ॲप तो स्वतःच पाठवतं. आयफोन कुठल्याही ॲपला तुमच्या नावाने परस्पर मेसेज पाठवू देत नाही. मेसेज समोर उघडतो आणि पाठवायचं बटण तुम्हालाच दाबावं लागतं. त्या तीन दिवसांत मला उत्पादकांना रोख आणि चेकने पैसे द्यावे लागले. कुणी वाईट बोललं नाही, पण दुधाच्या पगारावर ज्यांचा आठवड्याचा बाजार ठरतो त्यांना ताटकळत ठेवणं मला फार लागलं. म्हणून सांगतो, पगार वाटून झाला की त्याच संध्याकाळी फोन बदला. पुढचे दिवस तुमच्या हातात असतात.

सिमचा गुंता याहून अवघड आहे. आपल्याकडे प्रत्येकाच्या फोनमध्ये दोन सिम असतात, एक बँकेचं आणि एक धंद्याचं. भारतात मिळणाऱ्या अलीकडच्या बहुतेक आयफोनमध्ये मात्र सिम घालायची जागा एकच असते आणि दुसरा नंबर ई-सिम करून घ्यावा लागतो. दूरसंचार खात्याच्या २०२२ च्या आदेशानुसार सिम बदललं किंवा अपग्रेड केलं की पहिले २४ तास त्या नंबरवर मेसेज येत नाहीत आणि जातही नाहीत. चोराने तुमच्या नावाने सिम काढलं तरी त्याला लगेच ओटीपी मिळू नये, यासाठी ही सोय आहे, आणि ती योग्यच आहे. पण बँकेचाच नंबर ई-सिम केलात तर तो दिवस ना ओटीपी, ना यूपीआय. तेव्हा बँकेचं सिम आहे तसंच जुन्या फोनमधून काढून नव्यात घाला आणि ई-सिम दुसऱ्या नंबरचं करा. ते काम कंपनीच्या अधिकृत दुकानात किंवा त्यांच्या ॲपवरच करा. ‘ई-सिम करून देतो’ म्हणून कुणाचा फोन आला तर तो तिथेच ठेवा. आणि आषाढी वारीत तुकोबांची पालखी आपल्या भागातून जाते त्या दिवसांत हे काम काढूच नका. नेटवर्कवर तेव्हा केवढा ताण येतो ते गावाला माहीत आहे.

व्हॉट्सॲपचं एक पक्कं ध्यानात ठेवा. गुगल ड्राइव्हवर घेतलेला बॅकअप आयफोनवर उतरत नाही. २०२२ पासून ‘मूव्ह टू आयओएस’ या ॲपमधून गप्पा नेता येतात, पण त्यासाठी आयफोन कोरा लागतो, म्हणजे पहिल्यांदा चालू केल्यावर जी मांडणी होते त्याच वेळी. दुकानातल्या पोराने हौसेने फोन चालू करून, सगळं भरून तुमच्या हातात दिला, तर तो पुन्हा पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दोन्ही फोन चार्जरला लावा, एकाच वायफायवर ठेवा आणि काम होईपर्यंत हात लावू नका. माझ्याकडे उत्पादकांना पाठवलेल्या फॅट-एसएनएफच्या पावत्या व्हॉट्सॲपवरच होत्या, म्हणून मी हे घरी बसून सावकाश केलं. कॉलची यादी आणि व्हॉट्सॲपवरून दिलेल्या पैशांचे मेसेज मात्र येत नाहीत. त्यांचे फोटो आधीच काढून ठेवावेत.

मग प्रिंटर. केंद्रावर पावती काढायचा छोटा ब्लूटूथ प्रिंटर असतो, तो आयफोनला जोडला जाईना. असे बरेच स्वस्त प्रिंटर जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालतात आणि ॲपलची मान्यता नसलेलं तसलं यंत्र आयफोन स्वीकारत नाही. संकलनाचं ॲपही फक्त अँड्रॉइडचं होतं. उपाय सोपा निघाला. जुना फोन विकला नाही, तो केंद्रावर प्रिंटरपाशी ठेवून दिला. तुमच्या कामाची जी ॲप्स आहेत, ठिबकच्या कंट्रोलरचं असो की पीक पाहणीचं, त्यांतलं प्रत्येक नाव खरेदीआधी कुणाच्या तरी आयफोनवर ॲप स्टोअरमध्ये शोधून बघा. पीक पाहणीला एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, तेव्हा ते घरातल्या दुसऱ्या फोनवर भागतं. मोटारीचा मोबाईल स्टार्टर मिस्ड कॉलवर चालणारा असेल तर काळजी नाही, त्याला फक्त नंबर ओळखता येतो. मराठी बोलून टाइप करायची सवय असेल तर दुकानातच चार वाक्यं बोलून बघा.

एवढं सगळं सोसूनही मी परत गेलो नाही आणि जाणारही नाही. ज्या आडकाठीने मला त्रास झाला तीच मला आवडली. आयफोनवर कुठलंही ॲप माझे मेसेज वाचू शकत नाही, मग ओटीपी कुठून वाचणार? गावच्या ग्रुपवर पीएम किसानच्या नावाने, गाडीच्या दंडाच्या नावाने, अगदी लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल्स फिरतात. अँड्रॉइडवर त्या चुकून उघडून परवानगी देत गेलं तर खातं रिकामं होऊ शकतं. आयफोनवर ती फाइल चढतच नाही. ज्याच्या फोनमधून साऱ्या गवळ्यांचे पैसे जातात त्याला याचं मोल कळतं. तरी गाफील राहू नका. खोटी लिंक, खोटा क्यूआर आणि गोड बोलून काढून घेतलेला पिन यांना कुठलीच प्रणाली अडवत नाही.

हाताला सवय व्हायला फार वेळ लागला नाही. मागे जायचं बटण नाही, डाव्या कडेवरून बोट सरकवायचं, एवढंच पहिले काही दिवस चुकत राहतं. एखादं ॲप दुसऱ्यांच्या ॲप्समध्ये आणि वेबसाइटवर आपला माग काढणार असेल तर आधी विचारतं, ही सोय एप्रिल २०२१ पासून आहे. मी प्रत्येक वेळी नको म्हणतो.

आमच्या घरात अनोळखी प्रणाली आली ती मात्र ही पहिली नव्हे. २०१५ साली मायक्रोमॅक्सच्या युनाइट ३ फोनवर इंडस ओएस आली होती. आयआयटी मुंबईत शिकलेल्या राकेश देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अँड्रॉइडच्या पायावर उभी केली होती. वडिलांनी तो फोन आनंदाने वापरला. मेनू मराठीत, इंग्रजी मेसेज बोट फिरवून मराठीत करता येई, आणि ॲप घ्यायला ईमेलचा पत्ता लागत नसे. माझ्या मते शेतकऱ्याचा एवढा विचार करून बनवलेली दुसरी प्रणाली तेव्हा नव्हती. पण तसे नवे फोन येणं थांबलं आणि वडिलांना पुन्हा दुसरीकडे वळावं लागलं. विंडोज फोन ज्यांनी मनापासून घेतले त्यांचंही तेच झालं. जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा शेवटचा आधार काढून घेतला. म्हणून प्रणाली आवडली तरी तिला अपडेट किती वर्षं मिळणार, हे किमतीइतक्याच बारकाईने विचारा. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या आयफोन ११ ला २०२५ ची आयओएस २६ मिळाली. गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचा शब्द दिला आहे, तेव्हा एवढ्या एका कारणासाठी अँड्रॉइड सोडायची गरज नाही.

गावात जुना आयफोन घेणारी पोरं पुष्कळ आहेत. त्यांनी पैसे देण्याआधी विकणाऱ्याला त्याच्या ॲपल आयडीतून बाहेर पडायला लावावं आणि फोन आपल्या समोर पुसून घ्यावा. नाहीतर तो कुलूपबंद राहतो आणि मूळ मालकाशिवाय उघडत नाही. सेटिंगमध्ये बॅटरीची क्षमता बघावी. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय क्रमांक काढावा, आणि इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर पाठवावा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर उत्तरात तसं येतं. संचार साथीच्या पोर्टलवरही हेच बघता येतं. विकणारा याला तयार नसेल तर फोन त्याला परत द्या आणि निघा.