कंबर ताणण्याआधी

शेवटची बरगडी संपते तिथून खाली, खुब्याच्या हाडांपर्यंत, पाठीचा जो खोलगट भाग आहे त्याच्याखाली फोम रोलर घेऊन लोळू नका. आणि कमरेची कळ पायात उतरत असेल तर गुडघे ताठ ठेवून पायाचे अंगठे धरायला जाऊ नका. या दोन्ही गोष्टी मला एकाच संध्याकाळी करायला लावल्या गेल्या, आणि पुढची सबंध लग्नसराई माझ्या हातून गेली.

मी ब्लाउज शिवते. आमच्या कामात मान खाली, खांदे पुढे आणि कंबर गोल अशीच बैठक असते, आणि हंगामात ती रात्री उशिरापर्यंत मोडत नाही. कटिंग बहुतेक जणी जमिनीवर सतरंजी टाकून करतात, म्हणजे तिथेही वाकणंच. कंबर जड होणं, आखडणं याला आमच्यात कुणी दुखणं म्हणत नाही; तेल चोळायचं, शेक घ्यायचा आणि सकाळी पुन्हा मशीनवर बसायचं. एका वर्षी मात्र ते आखडणं उतरेना. मुलीने जवळच्या व्यायामशाळेत नेलं. तिथल्या प्रशिक्षकाने मला वाकायला सांगितलं. हात गुडघ्यांच्या खाली जाईनात, तेव्हा त्याने ‘मांडीमागचे स्नायू आखडलेत’ असं ठरवून टाकलं. पाय लांब करून बसवलं, मागून पाठीवर दाब दिला, मग उंचवटे असलेला कडक रोलर कमरेखाली देऊन पुढे-मागे सरकायला लावलं. उठले तेव्हा हलकं वाटलं, हे खरं. रात्री उजव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ गेली आणि पायाच्या अंगठ्याला मुंग्या आल्या.

त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता. धडधाकट पंचविशीतल्या पोरांना तो जे रोज करायला लावतो तेच त्याने मला करायला लावलं. पण वाकल्यावर दुखणं कुठे जातं, एवढा एक प्रश्न त्याने विचारला असता तर पुढचं टळलं असतं. कमरेला हात लावण्याआधी हा प्रश्न कुणी विचारत नसेल, मग तो प्रशिक्षक असो, मालिशवाला असो की हाडवैद्य, तर तिथून उठून यावं असं माझं आता ठाम मत आहे.

घरी सासूबाईंनी पायाळू माणूस शोधायला सुरुवात केली. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी समजूत. ती का टिकली तेही मला कळतं. अवजड उचलताना भरलेली साधी उसण बहुतेकदा काही दिवसांत आपोआप ओसरते, आणि त्या दिवसांत ज्याचा पाय लागला त्याला श्रेय मिळतं. पाय नुसता टेकवला तर बिघडत काही नाही. पण आमच्या भागात काही जण जोरात लाथ मारतात, काही ठिकाणी लहान मुलाला पाठीवरून चालवतात. पायात कळ जाणाऱ्या माणसाला किंवा साठी उलटलेल्या बाईला हे करू देऊ नका. वयाबरोबर ठिसूळ झालेला मणका एवढ्याशा दाबानेही चेपू शकतो.

मी फिजिओथेरपिस्टकडे गेले. बाईंनी बराच वेळ पाठीला हातसुद्धा लावला नाही. नुसत्या विचारत होत्या. बसल्यावर जास्त की चालल्यावर? सकाळी की रात्री? शिंकलं की पायात जातं का? मग पुढे वाकवलं, मागे वाकवलं आणि प्रत्येक वेळी कळ कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगितलं. पुढे वाकलं की ती पोटरीत उतरत होती. पालथं झोपून थोड्या वेळाने कोपरांवर उचलायला लावलं, तेव्हा पोटरीतली कळ मांडीपर्यंत आली आणि कमरेत मात्र दुखणं वाढलं. मी घाबरले. बाई म्हणाल्या, “हेच हवंय आपल्याला.” दुखणं पायातून वर सरकून कमरेकडे गोळा होत असेल तर ती दिशा बरोबर, भले कंबर जरा जास्त दुखो. कमरेतून पायाकडे उतरत असेल तर तो व्यायाम तिथेच थांबवायचा.

ही गोष्ट रॉबिन मॅकेन्झी या न्यूझीलंडच्या फिजिओथेरपिस्टने जगापुढे आणली. 1956 मध्ये वेलिंग्टनच्या त्याच्या दवाखान्यात एक रुग्ण चुकून डोक्याकडची बाजू उंच केलेल्या खाटेवर पालथा पडून राहिला. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे ती स्थिती त्याला घातक ठरायला हवी होती. मॅकेन्झी परत आला तेव्हा त्या माणसाच्या पायातलं दुखणं गेलेलं होतं. त्यातून त्याने पुढे आपली सगळी पद्धत बांधली. दोन मणक्यांमधली गादी मागच्या बाजूला फुगून नस दाबत असेल, तर पुढे वाकणं बहुतेकांना त्रास देतं आणि मागे वाकणं आराम. दिवसभर मशीनवर पुढे वाकून बसणाऱ्या बाईला आणखी पुढे वाकायला लावलं, यातच माझं सगळं बिघडलं.

पण माझा व्यायाम उचलून स्वतःला लावू नका. माझ्या मोठ्या जावेचं अगदी उलटं आहे. थोडं चाललं की तिचे दोन्ही पाय भरून येतात, ओट्यावर बसून पुढे वाकलं की बरं वाटतं. वयामुळे तिच्या कण्यातली नसांची वाट अरुंद झाली आहे, आणि मागे वाकलं की ती आणखी आवळते. तिला माझ्यासारखं कोपरांवर उचलायला लावलं असतं तर हाल झाले असते. एका घरातल्या दोन कंबरा, आणि दोघींची दिशा वेगळी.

आखडलेले स्नायू हे बऱ्याचदा मूळ दुखणं नसतंच. आत काही दुखावलं की आजूबाजूचे स्नायू घट्ट होऊन त्या जागेची हालचाल रोखतात. मशीनचा धागा सारखा तुटत असेल तर टेन्शनचा स्क्रू पिळत बसून भागत नाही, सुई वाकली आहे का ते आधी बघावं लागतं. मांडीमागच्या ओढीचंही तसंच. पाय लांब करून बसल्यावर पाऊल स्वतःकडे ओढलं किंवा हनुवटी छातीला लावली आणि त्याने पायातली ओढ वाढली, चुरचुरलं, तर ती स्नायूची नसून नसेची असण्याची शक्यता मोठी. नसेला ताणून धरून ठेवायचं नसतं. ती चिडते.

सकाळचं तर विशेष सांभाळा. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण रात्रीपेक्षा साधारण एक ते दोन सेंटिमीटर उंच असतो ते यामुळेच. त्या वेळी वाकलं की गादीवर ताण जास्त येतो. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत जुनाट कंबरदुखी असलेल्यांना नुसतं सकाळी उठल्याउठल्या वाकणं टाळायला शिकवलं, तरी त्यांचं दुखणं कमी झालं. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घराघरात नेले, आमच्या शाळेतही ते रोज होत, आणि माझी त्यावर श्रद्धा आहे. तरीही पायात कळ जात असताना पहाटे उठून पादहस्तासन करू नका. बरं वाटल्यावर परत सुरू करा, सकाळी जरा फिरून आल्यावर, गुडघे किंचित वाकवून.

आता रोलर आणि चेंडू. मी ते टाकून दिलेले नाहीत, त्यांची जागा बदलली. पाठीच्या वरच्या भागातल्या बारा मणक्यांना बरगड्यांचा आधार आहे, कमरेच्या पाच मणक्यांना तो नाही. म्हणून रोलर खांद्याच्या पात्यांखाली आडवा घ्यायचा, डोकं दोन्ही हातांत धरायचं, कुल्ले जमिनीवर टेकलेले ठेवायचे आणि सावकाश पुढे-मागे व्हायचं. दिवसभर पुढे ओढलेले आम्हा शिलाईवाल्यांचे खांदे यानेच मोकळे होतात. नवख्याने मऊ आणि सपाट रोलर घ्यावा, उंचवट्यांचा नको. कुल्ल्यासाठी आणि पात्याच्या आतल्या कडेसाठी टेनिसचा चेंडू पुरतो. क्रिकेटचा फार टणक होतो. चेंडू जमिनीवर नको, भिंतीवर. भिंतीला टेकून उभं राहिलं की किती वजन टाकायचं ते आपल्या हातात राहतं. कण्याच्या हाडावर चेंडू कधीही येऊ देऊ नका, नेहमी बाजूच्या मांसल भागावर. एका जागी अर्धा ते एक मिनिट, आणि दाब एवढाच की श्वास अडकू नये. चेंडू कुल्ल्यावर असताना पायात मुंग्या आल्या तर तो नसेवर आहे, लगेच सरकवा. पोटरीवर आणि मांडीवर स्वयंपाकघरातलं लाटणंही चालतं. पण शिरा फुगलेल्या असतील तिथे नाही, आणि एकच पोटरी अचानक सुजून गरम लागत असेल तर अजिबात नाही. तिथे रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नये.

या साधनांनी गाठी फुटतात असं जे सांगतात ते खरं नाही. दाबाने स्नायूची ओढ तात्पुरती सैल होते, हालचाल जरा वाढते, आणि तो मोकळेपणा काही मिनिटांचा असतो. तेवढ्यात उठून चालायचं, आपल्या दिशेचा व्यायाम करायचा. नुसतं लोळून परत मशीनवर बसलं तर कंबर तासाभरात पुन्हा आखडते. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांच्या संस्थेत दोरी, लोड, खुर्ची, पट्टा यांचा वापर पाहिला की साधन कशासाठी असतं ते नीट कळतं. तिथे साधन शरीराला दाबत नाही, शरीर सैल पडू शकेल असा आधार देतं.

एमआरआयच्या रिपोर्टने आणि ‘मणक्यात गॅप आलाय’ या शब्दांनी हातपाय गाळून बसू नका. 2015 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा ज्यांना कसलंही दुखणं नव्हतं अशा विशीतल्या 37 टक्के लोकांच्या आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या शेवटी जुनाट कंबरदुखीवर जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत व्यायामाला आणि माहितीला जागा आहे, मालिशलाही आहे. कमरेचा पट्टा मात्र नेहमीचा उपचार म्हणून वापरू नका असं सांगितलं आहे. आमच्यातल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं तो काढत नाहीत.

काही वेळा मात्र ना चेंडू, ना व्यायाम. जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, पाऊल उचलताना फरफटायला लागलं, तर रात्र असली तरी इस्पितळात जायचं. उशीर झाला तर गेलेली ताकद परत येईलच असं नाही. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, पूर्वी कॅन्सर झालेल्याचं दुखणं, झोपूनही न थांबणारं दुखणं डॉक्टरांना दाखवायचं. आपल्याकडे आणखी एक: संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन आणि महिनोन्‌महिने न हटणारी पाठ असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासून घ्या. तो औषधांनी बरा होतो, पण त्यावर मालिश करत वेळ घालवला तर मणका खचतो.

राहिलं कामाच्या जागेचं, आणि हे मी शिवणाऱ्या बायांना नाही, त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्यांना सांगते. नगावर पैसे मिळणारी बाई अर्ध्या तासाने उठून चार पावलं चालेल कशी? तिचा ब्लाउज मागे पडतो. उठण्याचा वेळ मजुरीत धरा. कटिंग जमिनीवर करायला लावू नका. सुताराकडून दोन घोडे आणि एक प्लायवूडची फळी घ्या, एवढ्यात टेबल होतं. बाई ताठ उभी राहून कोपर दुमडेल तेव्हा फळी कोपरापेक्षा चार-पाच बोटं खाली यावी. उंच बाई आणि बुटकी बाई एकाच टेबलावर असतील तर उंचीचं माप उंच बाईचं घ्या आणि दुसरीच्या पायाखाली पाट द्या.