यंत्रांचा शेजारधर्म

विद्यार्थिमित्रहो, पनवेल स्टेशनांतून मुंबईकडे जाणारी लोकलगाडी आपण सर्वांनीं पाहिली आहे. ती सुटतांना एक बारीक सूर उमटतो व वेगाबरोबर बदलत जातो. हा सूर कोठून येतो, आणि त्यामागील विद्येचा आपल्या जिवाशीं काय संबंध आहे, हें या पाठांत सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे.

बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं धावली. त्या वेळीं तारेंत १५०० व्होल्टांचा एकदिश प्रवाह असे. २०१६ सालीं या मार्गावर २५,००० व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. जुन्या गाड्यांत मोटारींचा वेग रोधकांच्या योगानें आवरीत, आणि पुष्कळ वीज उष्णतेच्या रूपानें वायां जाई. नव्या गाड्यांत तीन कलांच्या इंडक्शन मोटारी असतात. त्यांचा वेग प्रवाहाच्या वारंवारतेवर अवलंबून असतो. चार ध्रुवांच्या मोटारींतील चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्झवर मिनिटास १५०० फेरे घेतें, तर २५ हर्ट्झवर ७५०. म्हणून ड्राइव्ह नांवाचें यंत्र प्रथम प्रवाह एकदिश करितें, आणि नंतर ट्रान्झिस्टरांनीं तो सेकंदास शेंकडों अथवा हजारों वेळां तोडून-जोडून हवी ती वारंवारता घडवितें. तो सूर या तोडजोडीचाच होय. कारखान्यांतील पंप व पंखे यांसही हीच युक्ति लागू पडते.

परंतु गुणाबरोबर दोषही येतो. प्रत्येक तोडजोड एका मायक्रोसेकंदाहूनही अल्प काळांत होऊं शकते, आणि त्या आकस्मिक धक्क्यानें उच्च वारंवारतेचे उपद्रवी प्रवाह उत्पन्न होतात. ते केबलींतून झिरपून जमिनींत शिरतात. शेजारचा रेडिओ खरखरतो, मापकयंत्र खोटा आंकडा दाखवितें.

रेल्वेंत तर प्रश्न प्राणांचा आहे. रुळांतून एक लहान प्रवाह सोडून दूरच्या टोंकास रिले धरून ठेवितात. गाडी आली कीं तिच्या आंसांमुळें प्रवाह वाटेंतच वळतो, रिले सुटतो व सिग्नल लाल होतो. आतां गाडीच्या ड्राइव्हमधून त्याच वारंवारतेचा प्रवाह रुळांत उतरला, तर गाडी उभी असतांही रिले धरलेलाच राहील! विनाकारण लाल दिव्यानें उशीर होईल; खोट्या हिरव्या दिव्यानें अपघात होईल. मुंबईकडे या कामासाठीं ८३.३ हर्ट्झ ही वारंवारता योजण्यांत आली, कारण ती ५० च्या पटींत येत नाहीं. तथापि ड्राइव्हची वारंवारता वेगाबरोबर चढत असल्यानें ती या आंकड्यावरूनही जाऊं शकते. म्हणून त्या ठिकाणीं उपद्रव किती असावा याची मर्यादा आधींच ठरवून गाडीची परीक्षा घ्यावी लागते.

कारखान्यांतील ड्राइव्हांसाठीं आंतरराष्ट्रीय विद्युत्तांत्रिक आयोगाचें ६१८००-३ हें मानक आहे. त्याच्या मागण्या दोन: यंत्रानें दुसऱ्यास उपद्रव देऊं नये, आणि दुसऱ्याचा बेताचा उपद्रव आपण सोसावा. तारांतून जाणारा उपद्रव १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झपर्यंत मोजितात; त्यापुढें हवेंतून पसरणारा. वस्तीजवळ नियम कडक, उद्योगक्षेत्रांत कांहींसे सैल.

उपाय साधे आहेत, पण निष्ठेनें करावे लागतात. प्रवेशद्वारीं फिल्टर बसवावा. मोटारीची केबल जाळीदार धातूच्या आवरणाची घ्यावी व तें आवरण दोन्ही टोंकांस सर्व बाजूंनीं पक्कें जोडावें. संदेशाच्या तारा वेगळ्या ठेवाव्या. फिल्टरमुळें जमिनींत थोडा प्रवाह जातो, म्हणून अर्थिंगची तार भक्कम असावी. उत्तम फिल्टरही वाईट जोडणीनें निष्फळ होतो.

आपलें काम चोख झालें, एवढ्यानें कर्तव्य संपत नाहीं; त्यामुळें शेजाऱ्याचें काम बिघडलें नाहीं ना, हेंही पाहावें लागतें. उद्यां तुमच्यांतील कोणी अभियंता झाला, तर त्यानें एवढें स्मरणांत ठेवावें, अशी आमची इच्छा आहे.