पक्षघाती मनुष्य व त्याचे चौघे वाहक (मार्क २:१-१२)

कफर्णहूमांत वैद्य दूर नव्हता. दार गर्दीनें अडलें होतें. चौघांनीं छप्पर उघडून पक्षघाती मनुष्यास प्रभूपुढें सोडिलें. आमच्या जालना जिल्ह्यांतहि आम्हांस तसेंच दिसतें. सन २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमान्वयें १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी सरकार करितें: अंगणवाडींत वर्षांतून दोनदां, सरकारी व अनुदानित शाळेंत एकदां. हृदयांतील छिद्र, दुभंगलेला ओठ, वांकडें पाऊल, यांवर शस्त्रक्रियाहि मोफत होते. परंतु आईबापांबरोबर ऊसतोडीस गेलेलें मूल त्या दिवशीं गांवीं नसतें. फडावर त्याचें नांव कोण विचारतो? उपदेशकांनो, टोळी निघण्यापूर्वीं तपासणीचा दिवस अंगणवाडीताईंस विचारा, व शिधापत्रिका आईच्या गांठोड्यांत आहे कीं नाहीं तें पाहा.