मुलाची ‘चूक’ आणि भाषेचा नियम

पहिलीतील मूल उत्साहाने सांगते, “गुरुजी, मी अभ्यास करला.” वर्ग हसतो. “करला नव्हे, केला म्हण,” असे शिक्षक दरडावतात. मूल खाली बसते आणि पुढे कित्येक दिवस आपण होऊन बोलत नाही. एक रूप सुधारण्याच्या भरात त्याचे बोलणेच थांबते.

‘करला’ हे रूप मुलाने कोठून आणले? वडील माणसे तर ‘केला’ असेच म्हणतात. मूल बसला, चढला अशी रूपे ऐकते व त्यांतून नियम काढते. तोच नियम ते ‘कर’ या धातूला लावते. पुष्कळदा हेच मूल पूर्वी ‘केला’ असे ऐकून अचूक म्हणत असते; नियम गवसल्यावर ‘करला’ म्हणू लागते आणि अपवाद कळल्यावर पुन्हा ‘केला’वर येते. ही चूक म्हणजे प्रगतीची खूण होय.

भाषा म्हणजे केवळ शब्दांचा साठा नव्हे. ती ध्वनी, शब्द व वाक्य यांची नियमबद्ध व्यवस्था आहे. मूल साधारणपणे वर्षाच्या सुमारास पहिला शब्द बोलते, दोन वर्षांच्या आत-बाहेर दोन शब्द जोडते आणि शाळेत येते तेव्हा घरच्या भाषेचे बरेचसे व्याकरण त्याच्या जिभेवर असते.

सन १९५८ मध्ये जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याला बनावट नाव दिले व दोन प्राण्यांना काय म्हणाल, असे विचारले. पूर्वी कधीही न ऐकलेल्या शब्दाचे अनेकवचन बहुतेक मुलांनी अचूक केले. हा प्रयोग आपल्या वर्गातही करता येतो. फळ्यावर विचित्र प्राणी काढून म्हणावे, “हा एक टाबका. आता हे दोन...?” आंबा-आंबे जाणणारे मूल ‘टाबके’ म्हणेल. पाठांतराने हे उत्तर येत नाही.

‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. ती चूकही नव्हे. ती त्याच्या घरची बोली आहे. तिला हसणे म्हणजे त्याच्या आईच्या बोलण्याला हसणे होय.

शिक्षकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. प्रथम मुलाच्या आशयाला उत्तर द्यावे. “अस्सं! अभ्यास केलास? कोणता केलास?” अशा उत्तरातून योग्य रूप आपोआप कानी पडते.

२. प्रमाण रूपांचा आग्रह क्रमाने, वाचन-लेखनाच्या पाठांतून धरावा.

३. आठवडाभर पाच मुलांची वाक्ये वहीत जशीच्या तशी टिपावीत व प्रत्येक ‘चुकी’मागील नियम शोधावा.

४. साध्या सूचनाही न समजणाऱ्या मुलास मंद ठरविण्यापूर्वी पालकांस सांगून त्याचे कान तपासून घ्यावेत.

श्रवण व भाषण हा वाचन-लेखनाचा पाया आहे. बोलणाऱ्या मुलाची भाषा सुधारता येते. गप्प झालेल्या मुलास प्रथम पुन्हा बोलते करावे लागते.